साधी खिडकी, साधं मृत्युपत्र

तर मामा, फोनची बॅटरी संपली तेव्हा मी 'साधं' या शब्दापर्यंत आले होते. तिथूनच पुढे सांगते, फक्त आता पत्रातून. कारण एक तर फोनवर तुम्ही मध्येमध्ये 'अगं, त्यात काय एवढं' म्हणता आणि माझा धागा तुटतो, आणि दुसरं म्हणजे आमच्या घरात एकाने फोनवर बोललेलं चौघांना ऐकू जातं. नमस्कार राहिलाच. तुमच्या पायांवर डोकं ठेवते (मनातल्या मनात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या पायांवर खरंच डोकं ठेवू नये, असं मामीनेच बजावलंय). गुडघा कसा आहे? जिना चढता का? हे नुसतं पद्धत म्हणून विचारत नाहीये, त्या जिन्याचा पुढे संबंध आहे. मामीचा खोकला कमी झाला का? आम्ही इकडे सगळे ठीक. म्हणजे आत्याचा हात प्लास्टरमधून बाहेर आलाय, आई मशीनवर आहे, बाबा सोफ्यावर आहेत आणि मी वैतागलेली आहे.

आणि मामा, हे सगळं तुमच्यामुळे झालंय हे आधीच सांगून ठेवते. 'मृत्युपत्र ना? साधं काम आहे, एका दुपारचं' हे वाक्य तुमचं. मी ते वहीत लिहून वर तारीख घातली आहे.

सुरुवात अशी झाली की आत्या शिडीवरून पडली. एका गिऱ्हाइकाकडे पडद्याचा रॉड लावत होती. रॉड लावायला माणूस ठेवलाय, पण त्याचं ब्रॅकेट एक बोटभर वाकडं दिसलं आणि आत्याला ते बघवेना. पडली, मनगट मोडलं, आणि हॉस्पिटलमधून आल्यावर सगळे जेवायला बसलो होतो तेव्हा बाबा अगदी सहज, पाणी मागावं तसं म्हणाले की पुढेमागे तुला झेपेनासं झालं की खालचं दुकान त्या मोबाइलवाल्याला देऊन टाकू, तो केव्हाचा मागतोय, भाडंही बरं देईल. बाबा वाईट नाहीत हो. त्यांना खरंच वाटतं की पडद्याचं दुकान म्हणजे आत्या, आणि आत्या संपली की दुकान संपलं. आत्या गिऱ्हाइकांशी बोलते, मापं घेते, भाव सांगते, म्हणून सगळ्यांना तीच दिसते. त्या कापायच्या टेबलामागे माझ्या जन्माच्या आधीपासून कोण उभं आहे, टेबलाची कड कुणाच्या पोटाने गुळगुळीत झालीय, ते सोफ्यावरून दिसत नाही. आईने जेवण झाल्यावर उशीची एक खोळ शिवायला घेतली आणि शेवटचा धागा दाताने तोडला. आत्या म्हणते, आई रागावली की कात्री असूनही दाताने तोडते.

दुसऱ्या दिवशी आत्याने मला दुकानात बोलावलं. ती मला 'चौकशी-खिडकी' म्हणते, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणाली, चौकशी-खिडकी, मृत्युपत्र नीट माणसाकडून लिहून घ्यायला खर्च किती येतो ते बघ, आणि कुणापाशी बोलू नकोस. तुम्हाला फोन केला ते 'कुणापाशी' मध्ये येत नाही असं मी ठरवलं.

आता मला असं काही काम दिलं की मी वेडी होते. मी फुल रिसर्च केला. चार्ट केला, तीन रंगांत. पण चार्टवर पैशांचे आकडे बघितले की आत्याचे डोळे मिटायला लागतात, तिला फक्त पडद्यांचे भाव समजतात, म्हणून मी सगळा खर्च पडद्यांत लिहिला. सगळ्यात स्वस्त म्हणजे इंटरनेटवरचं तयार मृत्युपत्र. रिकाम्या जागा भरा, छापा, सही करा, खर्च उशीच्या दोन खोळी. मी उत्साहाने भरायला बसले. त्यात नवऱ्याचं नाव टाकल्याशिवाय पुढचं पान उघडेना. आत्याने लग्न केलेलं नाही (ती म्हणते मापात बसणारा मिळाला नाही, आणि आल्टर करून घ्यायला तिला आवडत नाही). म्हणून मी तिथे 'लागू नाही' असं लिहिलं. छापून आलं ते असं: माझी संपूर्ण मालमत्ता मी माझे पती श्री. लागू नाही यांना देत आहे. आत्याने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, मला जन्मात जमलं नाही ते तू एका बटणात केलंस.

दुसरा मार्ग कोर्टाच्या फाटकाशी टेबल टाकून बसणाऱ्या टायपिस्टचा. खर्च एका दाराचा पडदा, बिनअस्तराचा. माणूस प्रेमळ होता. पण त्याच्याकडे एकच मृत्युपत्र आहे आणि तो प्रत्येक गिऱ्हाइकासाठी त्यातली फक्त नावं बदलतो. आत्याच्या कागदावर आधीच्या माणसाचे दोन ट्रक तसेच राहिले होते. मी ते खोडायला सांगितलं, तर आत्या म्हणाली राहू देत, कागदावर बरे दिसतात.

तिसरा मार्ग म्हणजे वकीलबाई. त्यांच्या भिंतीवर छापील दरपत्रकच आहे, आणि त्यात पहिल्याच ओळीत लिहिलंय: साधं मृत्युपत्र, फी ठरलेली. खर्च एका हॉलचे पडदे, अस्तरासकट. मामा, 'ठरलेली' हा शब्द वाचून मला इतकं बरं वाटलं. मी आत्याला समजावून सांगितलं की फिक्स्ड म्हणजे फिक्स्ड, मध्ये कुणी काही वाढवू शकत नाही, आपण मॉडर्न जगात राहतो. आत्या नुसती हसली. ते हसणं मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. गिऱ्हाईक दुकानात येऊन 'दोन साधे पडदे टाकायचेत' म्हणतं तेव्हा ती तश्शीच हसते.

वकीलबाईंनी आधी माहितीचा कागद भरून पाठवायला सांगितला, आणि इथे माझी बाजू ऐकून घ्या. आत्याला मी दुकानाच्या दारातून ओरडून वय विचारलं. मशीन चालू होतं. ती म्हणाली, एकोणसत्तर. आता तुम्ही मराठी शाळेतले लोक हसाल, पण विचार करून बघा. त्या शब्दात 'सत्तर' स्वच्छ ऐकू येतं, म्हणून माणूस सात लिहितो. 'एकोण' असलं की शेवटी नऊ येतात एवढं इंग्लिश मीडियमलाही माहीत असतं, म्हणून माणूस पुढे नऊ लिहितो. झाले एकोणऐंशी. माझं लॉजिक नेमकं कुठे चुकलं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही, नुसते ओरडलेत. त्याच कागदावर 'स्थावर' आणि 'जंगम' असे दोन रकाने होते. मी विचार केला, स्थावर म्हणजे हलत नाही ते. म्हणून तिथे दुकान लिहिलं, आणि कापायचं टेबलही लिहिलं, कारण ते दुकानाच्या आतच बनवलंय आणि दारातून बाहेर निघतच नाही. (बाबांना पण तिथेच लिहायचा मोह झाला होता.)

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, खाली दातांचा दवाखाना. त्यामुळे वकीलबाई 'आपल्या पश्चात' असं म्हणाल्या की खालून ड्रिलचा आवाज येतो. आम्ही तिघं गेलो. तिघं, कारण त्यांच्या ऑफिसातून वेळ सांगायला घरी फोन आला आणि तो बाबांनी घेतला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, स्वतः स्कूटर काढली, आत्याला मागे बसवलं, आणि मी बसने. बाबा खुर्चीत बसता बसताच म्हणाले, मॅडम, आम्ही साधी माणसं, साधंच करा. बहिणीचं आहे ते भावाला, एक ओळ, संपलं. वकीलबाईंनी मान डोलावली आणि एक ओळ लिहिली. आत्या त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती खिडकीकडे बघत होती. खिडकीवर एकच पडदा, तोही आखूड, आणि त्याची खालची दुमड चक्क स्टेपलरने मारलेली. आत्याच्या चेहऱ्यावर असं दुःख मी शिडीवरून पडल्यावरही बघितलं नव्हतं.

मग आत्या बाबांना म्हणाली, तुझी स्कूटर आडवी लागलीय, कुणीतरी उचलून नेईल. बाबा धावत खाली गेले. (स्कूटर उभीच होती. पण बाबांना ती आमच्यापेक्षा जवळची आहे.) जिन्यावरचा पायांचा आवाज थांबला तेव्हा आत्याने सांगितलं की ती ओळ खोडा. दुकान भावाला नाही, वहिनीला. टेबलासकट. म्हणजे आईला. मला, मामा, त्या क्षणी पहिल्यांदा कळलं की मी इतके दिवस कशाचा खर्च काढत होते.

मी विचारलंसुद्धा, की बाबांना दिलं तरी ते आईलाच मिळणार ना, घरातल्या घरातच तर आहे. आत्या म्हणाली, लग्नात तिला मी घातलेलं घड्याळ त्याने दुरुस्तीला नेलं होतं, ते अजून दुरुस्तच होतंय.

वकीलबाईंनी पेनला टोपण लावलं आणि म्हणाल्या, मग हे साधं नाही. आणि इथून मामा तुमची ती एक दुपार सुरू झाली. रक्ताचा भाऊ असताना त्याला वगळून वहिनीला द्यायचं म्हणजे उद्या कुणी हरकत घेऊ नये म्हणून कारण लिहावं लागेल, त्याचे वेगळे. वहिनी आधी गेली तर काय ते लिहावं लागेल, त्याचे वेगळे. भावाला काहीतरी द्यावं, म्हणजे विसरून राहिलं असं कुणी म्हणणार नाही, त्याचे वेगळे. (आत्याने भावाला सोफा दिला.) टेबल जंगमच असतं, पण ते दुकानासोबतच जावं असं हवं असेल तर एक जास्तीचं कलम. आणि मग त्यांची नजर माझ्या एकोणऐंशीवर पडली. या वयात डॉक्टरांचा दाखला हवा की बाई भानावर आहेत. आत्या म्हणाली, कुठल्या वयात? आणि मग तिने माझ्याकडे जे बघितलं, ते मी लिहीत नाही.

मी म्हटलं चूक दुरुस्त करू. पण वकीलबाई म्हणाल्या, भावाला वगळताय तर दाखला एकोणसत्तरलाही बरा. म्हणजे माझ्या चुकीमुळे खर्च वाढला नाही, हे माझ्यावर ओरडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वार विचारला, घरचा पत्ता विचारला, मग म्हणाले शंभरातून सात वजा करत जा. आत्याने विचारलं, इंच की सेंटिमीटर. डॉक्टर म्हणाले नुसतेच. आत्या म्हणाली नुसतं काही नसतं, आणि खालपर्यंत वजा करून शेवटी उरलेल्या दोनाचं काय करायचं तेही विचारलं. दाखला मिळाला. त्याचा खर्च एका बाथरूमचा पडदा. पण आता दाखल्यावर एकोणसत्तर आणि माझ्या कागदावर एकोणऐंशी, त्यामुळे दोन्ही वयांची बाई एकच आहे असं एक प्रतिज्ञापत्र करावं लागलं. (हा खर्च मात्र माझ्यामुळे वाढला. कबूल.)

सगळे कागद घेऊन आम्ही परत वकीलबाईंकडे गेलो (बाबा या वेळी खालीच, स्कूटरची राखण करत), आणि सगळं मिळून बेरीज झाली ती अख्ख्या घराच्या पडद्यांची. सहा खिडक्या, दुहेरी कापड, दोऱ्यांसकट. मी चिडले. मी वकीलबाईंना तोंडावर विचारलं की भिंतीवर 'साधं, फी ठरलेली' लिहून मग असं एकेक वाढवत नेणं बरोबर आहे का, हे फसवणं नाही का. त्या शांतपणे म्हणाल्या, साधं मृत्युपत्र असतं हो, साधं कुटुंब नसतं.

आणि मामा, आत्या खुर्चीतल्या खुर्चीत हसायला लागली. मला काही कळेना. ती म्हणाली, अगं, मी जन्मभर हेच सांगत आलेय. साधा पडदा असतो, साधी खिडकी कुणाकडेच नसते. खरंच आहे. लोक 'दोन साधे पडदे' म्हणत येतात, आत्या त्यांच्या घरी जाते, आणि तिथे खिडकीशेजारी पाइप असतो, कोपऱ्यात खांब असतो, वरची भिंत तिरकी असते, आणि प्रत्येकाचे वेगळे. गिऱ्हाइकं तिला माझ्यासारखंच लुटारू म्हणून जातात आणि पुढच्या दिवाणखान्याला परत येतात.

मग आत्याने विचारलं, ही खिडकी कधीपासून अशी ठेवलीय? वकीलबाई जरा ओशाळल्या. म्हणाल्या वेळच होत नाही, दोन साधे पडदे टाकायचेत खरं तर. मामा, मी डोळे मिटून घेतले. आत्या उठली, खिशातून टेप काढला (मोडलेल्या मनगटाने), आणि म्हणाली, बघू. वर एसीचा पाइप, त्याचे वेगळे. डावीकडे भिंत दोन बोटं आत, त्याचे वेगळे. दुपारचं ऊन थेट कपाटावर येतं, कागद पिवळे पडतील, म्हणून जाड अस्तर. खाली दातवाला, त्याचा आवाज अडवायचा तर आणखी जाड. चुण्या कमी घेतल्या तर वकिलाचं ऑफिस वाटणार नाही, गोदाम वाटेल. आणि शेजारच्या खोलीचं काय? बेरीज झाली तेव्हा ती बरोबर आमच्या फीएवढी होती. वकीलबाई म्हणाल्या, तुम्ही वकील व्हायला हवं होतं. आत्या म्हणाली, आणि तुम्ही शिंपी, कापडाला हात लावायच्या आधी पैसे सांगता. फिट्टंफाट झाली. कागदाच्या बदल्यात पडदे. बाबा वर आले तेव्हा दोघी चहा पीत होत्या. बाबांनी विचारलं, झालं ना साधंच? दोघी एकदम हो म्हणाल्या.

आता तुम्ही म्हणाल मग हिचा वैताग कशाचा. सांगते. पडदे शिवतंय कोण? आत्याचा हात अजून कात्री धरत नाही. शिवतेय आई. आठवडाभर ती त्या टेबलाशी उभी राहून वकीलबाईंच्या खिडकीच्या चुण्या घालतेय. आणि तिला बाबांकडून एवढंच कळलंय की मृत्युपत्र होतंय आणि दुकान बाबांना जातंय. बाबांनीच रात्रीच्या जेवणावर आत्याला खुशीत सांगितलं, तुझ्या वहिनीच्या हातचे पडदे म्हणजे फीमध्ये सूट, म्हणून. म्हणजे तिच्या हिशेबाने ती स्वतःच्या पायाखालचं दुकान मोबाइलवाल्याला जावं म्हणून पडदे शिवतेय. आणि ती धागे दाताने तोडते. मी आत्याला म्हटलं सांग तिला. आत्या म्हणते सह्या होईपर्यंत एक शब्द नाही. तिला कळलं तर ती नको म्हणेल, नको म्हणताना रडेल, आणि संध्याकाळपर्यंत नवऱ्याला सांगून मोकळी होईल, मग तो महिनाभर सोफ्यावर तोंड भिंतीकडे करून बसेल आणि ती त्याच्या तोंडाकडे बघून सही थांबव म्हणेल. हे सगळं खरं आहे, हाच तर वैताग आहे. मी सगळ्या खर्चाचा चार्ट केला आणि हा रकाना त्यात नव्हताच.

असो. तुमचा गुडघा आणि मामीचा खोकला दोघांनाही माझा नमस्कार. काही विचारायचं असेल तर विचारा, मी उघडीच आहे.

तुमची,
चौकशी-खिडकी

ता. क. आता मुद्द्याचं. सहीला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे तो किंवा घरातला माणूस नको. एक डॉक्टर तयार आहेत. (त्यांना आत्याला परत भेटायचंय.) दुसरे तुम्ही. म्हणून जिन्याचं विचारलं. दोन मजले आहेत, मध्ये एक बाक आहे, दातांच्या दवाखान्याचा. आत्याचा हात बघायला आलो म्हणा. पुढच्या आठवड्यात या.

ता. ता. क. मामीला हे पत्र दाखवू नका. ती आईला 'मला काही माहीत नाही हं' असं सांगायला फोन करेल.

आणखी एक. पाकीट चिकटवणार होते एवढ्यात आई पडदे घेऊन वर आली. घडी माझ्या पलंगावर ठेवली आणि एक कोपरा उलटा करून दाखवला. म्हणाली, अस्तर दुहेरी लावलंय, पैसे एकेरीचेच सांग. आणि वकीलबाईंना म्हणावं, तुमचंही काम असंच पक्कं करा. दुकान कुणाला का जाईना, तुझ्या आत्याने इतक्या हौसेने करायला घेतलंय, तिचा कागद पुढे कुठे उसवायला नको. एवढं बोलून ती खाली गेली, आणि आता मशीनचा आवाज येतोय. मामा, ती तुमची बहीण आहे, माझ्यापेक्षा तुम्ही तिला जास्त ओळखता. मी तोंड मिटून बसलेय, पण अजून किती बसवेल माहीत नाही. सह्यांपर्यंत थांबू, की आत्ताच खाली जाऊन तिला सांगून टाकू? तुम्हाला काय वाटतं?